स्वस्त कॅमेरा, महागडे गैरसमज

जपानी कंपन्यांनी २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे विक्रीला पाठवले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली आला. मधलं गिऱ्हाईक बहुतेक फोनने नेलं. त्यामुळे आज कॅमेरा घ्यायला निघालेल्याला फोनला न जमणारं काहीतरी हवं असतं: भिगवणचे रोहित पक्षी जवळून टिपायचे असतात, किंवा नातीचा स्नेहसंमेलनातला नाच मागच्या रांगेतून काढायचा असतो. त्यासाठी काय पाहावं, हे खोक्यावरच्या ठळक आकड्यांवरून कळत नाही.

गैरसमज १: मेगापिक्सेल जास्त, म्हणजे फोटो चांगला.

वस्तुस्थिती: ४के टीव्हीचा पडदा ३८४० बाय २१६० ठिपक्यांचा असतो, म्हणजे जेमतेम ८.३ मेगापिक्सेल. ए-फोर आकाराची उत्तम छपाई ९ मेगापिक्सेलच्या आत भागते. साध्यातल्या साध्या नव्या कॅमेऱ्यातही सहसा १६ असतातच. खरा फरक पडतो तो प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या आकाराने. छोट्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, तर एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ जवळजवळ तेरापट! जास्त प्रकाश पकडला जातो, म्हणून मंगल कार्यालयातल्या पिवळट उजेडातही फोटोत कमी दाणे येतात. ऑनलाइन मिळणाऱ्या अनोळखी नावाच्या कॅमेऱ्यांवर ४८ किंवा ६४ मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, तेव्हा आत अनेकदा लहानच सेन्सर असतो आणि बाकीचे ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं.

गैरसमज २: १६एक्स झूम म्हणजे १६एक्स झूम.

वस्तुस्थिती: तो ऑप्टिकल आहे की डिजिटल, हे आधी विचारा. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं सरकतात. डिजिटलमध्ये फोटोचा मधला तुकडा कापून मोठा केला जातो. १६ मेगापिक्सेलचा फोटो डिजिटल झूमने चौपट जवळ आणला, तर हाती खरा १ मेगापिक्सेल उरतो. शिवाय ‘एक्स’ हे फक्त गुणोत्तर आहे. २८ मिलिमीटरपासून सुरू होणारा ५एक्स झूम १४० वर संपतो. घरातल्या छोट्या खोलीत सगळं कुटुंब एका फोटोत बसवायचं, तर सुरुवात २४ ते २८ ची हवी. पक्ष्यांसाठी शेवट ४००च्या पुढे हवा आणि सोबत हाताची थरथर सावरणारं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनही.

गैरसमज ३: चांगला फोटो हवा, तर डीएसएलआरच घ्यावा.

वस्तुस्थिती: पॅनासॉनिकने २००८ मध्ये जी-१ हा मिररलेस, म्हणजे डीएसएलआरसारखा आतला आरसा नसलेला, कॅमेरा आणला आणि २०१८ मध्ये कॅनन-निकॉननेही आपल्या मोठ्या सेन्सरचे मिररलेस बाजारात उतरवले. आता नव्या लेन्स बहुतांशी तिकडेच येतात. नवशिक्याला मिररलेस सोपाही जातो, कारण फोटो काळा पडणार की पांढरा, ते बटण दाबण्याआधीच पडद्यावर दिसतं. मात्र बजेट कमी असेल, तर जुना डीएसएलआर आजही उत्तम सौदा आहे. त्याची बॅटरी जास्त चालते. सोबतच्या १८-५५ लेन्सने भागत नसेल, तर महाग बॉडीऐवजी ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घ्या. झूम पूर्ण ताणल्यावरच्या एफ/५.६ पेक्षा ती जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते.

गैरसमज ४: नवं मॉडेल वापरायला सोपंच असणार.

वस्तुस्थिती: २०२३ मध्ये आलेल्या कॅनन आर-१०० ला टचस्क्रीन नाही. फोनची सवय झालेल्या बोटांना ते पहिल्याच दिवशी खटकतं. उलट कोडॅकचा एफझेड-४५ दोन पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे गावच्या किराणा दुकानातही त्याची सोय होते. कॅमेरा आजोबा वापरणार असतील, तर दुकानात तो त्यांच्याच हातात द्या आणि पकड, बटणं, पडद्यावरची अक्षरं त्यांनाच तपासू द्या. ऑटो मोड वापरण्यात काही कमीपणा नाही.

गैरसमज ५: जुन्या सीसीडी कॅमेऱ्याची रंगत नव्याला येत नाही.

वस्तुस्थिती: रंग ठरतात ते सेन्सरवरच्या रंगीत गाळण्या आणि कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर यांवरून. सीसीडी असो वा सीमॉस, सेन्सरच्या या दोन्ही प्रकारांचं काम प्रकाश मोजण्याचं. जुनी रंगत आवडली तर जरूर घ्या, पण आधी कार्ड पाहा. काही जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी किंवा मेमरी स्टिक लागते आणि ती आता सहज मिळत नाही. २००६ पूर्वीचे एसडीवाले कॅमेरे सहसा २ जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतात. नवी बॅटरी मिळते का, हेही विचारून घ्या.

गैरसमज ६: ब्रँड ओळखीचा आहे ना, मग आणखी चौकशीची काय गरज?

वस्तुस्थिती: ईस्टमन कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिजिटल कॅमेरे बंद केले. आज त्या नावाचे पिक्सप्रो कॅमेरे जेके इमेजिंग ही कंपनी परवान्याखाली काढते. ते वाईट नाहीत, पण सेवा कोण देणार हे माहीत हवं. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात घ्या की ऑनलाइन, खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असायलाच हवी. ही माहिती नसेल, तर कंपनीची भारतातली वॉरंटी मिळेल असं गृहीत धरू नका.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, झूम पूर्ण ताणून, फ्लॅश न वापरता चार फोटो काढा आणि घरी टीव्हीवर पाहा. सेन्सर, भिंग आणि स्थिरता या तिन्हींची परीक्षा तिथेच होते. त्यात जो पास होईल आणि घरातल्या सर्वांना चालवता येईल, तोच घ्या, मग खोक्यावर आकडा कितीही लहान असो.