बांधावरचा मोह आणि टाचांच्या भेगा

दर अंकात आम्ही बेणे, लागण आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या खेपेस उसाला सुट्टी. मागे गटसभेत एका सभासदांच्या घरच्या ताईंनी आम्हाला भर सभेत विचारले, "साहेब, पाचटानं हातपाय पार कापून निघतात. उसाला सतरा औषधं सांगता, आमच्या टाचांचं काय?" सभा हसली. आम्हीही हसलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

आम्ही मूळचे आरमोरीकडचे. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तो सगळा मुलूख चंद्रपूरचाच. तिकडे मोह म्हटला की लोकांना फुलेच आठवतात. आमच्या आजीला मात्र फुलांइतकीच टोळीची, म्हणजे मोहाच्या बियांची, ओढ. जूनमध्ये फळ पिकले की ती टोळी वेची, फोडी आणि आतला गर उन्हात कडक वाळवी. ओल राहिली की बुरशी धरते आणि तेल खवट होते. मग घाणीचे तेल. थंडीत ते तुपासारखे थिजते आणि तसेच टाचेला बरे, ओघळून जात नाही.

ताईंना आम्ही कृती लिहून दिली. १०० ग्रॅम टोळीचे तेल, २० ग्रॅम मेण. मेण मधाच्या पोळ्याचे घ्यावे, मेणबत्तीचे नव्हे. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून दोन्ही विरघळवावे, थेट जाळावर नको. गाळून डबीत ओतावे. रात्री पाय धुऊन, कोरडे करून भेगांना लावावे आणि जुना सुती मोजा चढवावा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस पाहावे. भेगेतून रक्त-पू येत असेल, किंवा साखरेचा आजार असेल, तर डबी बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जावे.

टोळीची पेंड जनावरांपुढे टाकू नका. तिच्यात रिठ्यासारखे फेस आणणारे सॅपोनिन असते. आजी पेंडीच्या पाण्याने केस धुवायची, डोळे घट्ट मिटून, कारण ते भारी झोंबते. ते पाणी ओढ्यात ओतू नये, मासे मरतात.

चेहऱ्याला लिंबू-साखर चोळायची टूम निघाली आहे. साखर आपल्याच कारखान्याची असली तरी आम्ही हो म्हणणार नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर कातडी भाजल्यागत होऊन काळे डाग पडतात.

स्वयंपाकात टोळीचे तेल चांगले कढवल्याशिवाय घालत नाहीत. चारोळी लागेल तेवढीच फोडावी, फोडलेली लवकर खवटते.

एक गोष्ट मात्र रागाने लिहितो. एका घरी खायचे तेल तणनाशकाच्या धुतलेल्या डब्यात भरलेले पाहिले. असा डबा कितीही धुतला तरी घरात वापरायचा नाही. फोडून, वस्तीपासून दूर पुरावा, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच आहे. तेलाला काचेची बरणी नाहीतर स्टीलचा डबा.

तर ताईंना कृती दिली आणि म्हणालो, टोळी बांधावरचीच वेचा. त्या म्हणाल्या, "बांधावरचा मोह तर तुम्हीच काढायला लावला होता."

खरे होते. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही गावोगाव सांगत असू की सावलीत उसाला फुटवे येत नाहीत, सऱ्या वाया जातात, झाड काढा. सऱ्यांचा हिशेब केला, टोळीचा केला नाही. झाडे तोडण्याच्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत मोह आहे, परवानगी लागते, हेही तेव्हा बोललो नाही.

तेलाची बाटली आम्ही गावाहून आणून दिली. झाड कुठून आणणार? या पावसात त्यांच्या उत्तरेच्या बांधावर बी टोकणार आहोत. तिथली सावली शेताबाहेर, नाल्यावर पडते. (उत्तरेला शेजारी असेल तर आधी त्याला विचारा, नाहीतर भांडण आमच्या नावावर!) फळ धरायला बरीच वर्षे जातील. बी ताजेच लावावे लागते, ठेवले की उगवण जाते. म्हणून ज्यांना हवे त्यांनी मे अखेरपर्यंत गट कार्यालयात नाव द्यावे, म्हणजे गावाहून बी आले की त्याच आठवड्यात वाटता येईल.