इटालियन स्टाइल : नाव मोठं, हात कुणाचे?

‘मेड इन इटली’ असं लेबल दिसलं की आपल्याला काय होतं कोण जाणे! हात आपोआप किमतीच्या टॅगकडे जातो, डोळे पांढरे होतात, आणि तरीही ती वस्तू परत रॅकवर ठेवताना जीव हळहळतोच. माझं इटलीप्रेम तसं एकदम बजेटमधलं. बरोक ऑपेरा हेडफोनवर (विरार फास्टमध्ये, उभ्याने), डिझायनर कपडे शोकेसच्या काचेतून, आणि ग्राप्पा मैत्रिणीने ड्यूटी-फ्रीमधून आणलेल्या बाटलीतली, घोटभर. पण या तिन्हींच्या मागच्या गोष्टी वाचत गेले आणि एक गंमत लक्षात आली. कारागिरी जगात सगळीकडे आहे, इटालियन लोकांना तिला मंचावर चढवता येतं. आता मंच आला की नाव आलं. आणि नाव आलं की प्रश्न येतोच, कोणाचं?

एक महाल, दोन शो

फ्लॉरेन्समधला पित्ती राजवाडा. १६०० सालच्या ऑक्टोबरमध्ये इथे मारिया दे मेदिचीच्या लग्नाची धामधूम होती. नवरदेव फ्रान्सचा राजा चौथा हेन्री; तो स्वतः आलाच नाही, लग्न प्रतिनिधीमार्फत लागलं! पण पाहुण्यांच्या करमणुकीसाठी याकोपो पेरीचं ‘एउरिदीचे’ सादर झालं. ज्याचं संपूर्ण संगीत आज हाताशी आहे, असा हा सगळ्यात जुना ऑपेरा.

साडेतीनशे वर्षांनी त्याच राजवाड्यात दुसरा शो रंगला. जोवान्नी बात्तिस्ता जोर्जिनी या हुशार माणसाने १९५१ साली आपल्या घरीच अमेरिकन खरेदीदारांना बोलावून इटालियन कपड्यांचा फॅशन शो केला. तोवर फॅशन म्हणजे पॅरिस, बास! १९५२ मध्ये हाच शो पित्ती राजवाड्याच्या पांढऱ्या दालनात गेला. शिंपी तेच, सुई-दोरा तोच, पण मागे मेदिची घराण्याचा इतिहास उभा. भाव वधारणारच ना!

सूर कोणाचा?

ऑपेरा राजवाड्यातून बाहेर आला तो व्हेनिसमध्ये. १६३७ साली तिथे सान कासियानो थिएटर उघडलं आणि तिकीट काढून कोणालाही ऑपेरा बघता येऊ लागला. तिकीट विकायचं तर स्टार हवेत. अठराव्या शतकातला सगळ्यात मोठा स्टार म्हणजे फारिनेल्ली. खरं नाव कार्लो ब्रोस्की. १७३७ साली तो स्पेनला गेला आणि वीसहून जास्त वर्षं तिथल्या दरबारातच राहिला.

पण हा आवाज यायचा कुठून? लहानपणीच शस्त्रक्रिया करून मुलांचा आवाज फुटूच दिला जात नसे. यातली अनेक मुलं गरीब घरातली. नेपल्समधल्या ज्या ‘कॉन्सर्वातोरियो’त संगीत शिकवलं जाई, ते मुळात अनाथाश्रम होते. जो फारिनेल्ली झाला त्याचं नाव उरलं. ज्यांचा आवाज लागलाच नाही, त्यांची कोणी यादी ठेवली नाही. हे वाचल्यापासून त्या उंच, चमकत्या ताना ऐकताना मला नुसतं ‘वॉव’ म्हणता येत नाही. ऐकते मात्र अजूनही.

जॅकेटचा खांदा

आता आपल्या ऑफिसच्या कपाटात डोकावू. जॉर्जो अरमानीने १९७५ साली मिलानमध्ये स्वतःचं लेबल सुरू केलं. जॅकेटमधलं पॅडिंग आणि कडक अस्तर त्याने कमी केलं, कापड अंगावर सैल पडू दिलं. १९८० साली ‘अमेरिकन जिगोलो’मध्ये रिचर्ड गिअरने हे कपडे घातले आणि जगभरच्या ऑफिसांची ताठर मान जरा सैल झाली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी अरमानी गेला, तेव्हा सगळ्यांनी त्या जॅकेटचीच आठवण काढली.

तरी एक गोष्ट सांगायला हवी. मऊ खांद्याची, हलकी जॅकेट्स नेपल्सचे शिंपी १९३० च्या दशकातच शिवत होते. अरमानीने ती कल्पना आपल्या पद्धतीने जगभर नेली, हे श्रेय त्याचंच. पण नेपल्सच्या त्या शिंप्यांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला-मला सांगता येईल?

चोथ्याचं सोनं

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट ग्राप्पाची. नाशिकला वायनरी बघायला गेला असाल तर द्राक्षं दाबल्यावर उरणारा सालं-बियांचा चोथा पाहिला असेल. तो गाळून बनते ती ग्राप्पा. शेतकऱ्याची, थंडीत ऊब देणारी, घसा जाळणारी दारू. चार लोकांत मिरवावी अशी अजिबात नाही.

फ्रिउली प्रांतातल्या जानोला आणि बेनितो नोनिनो या जोडप्याने १९७३ साली पिकोलित या दुर्मिळ द्राक्षाचा चोथा वेगळा ठेवून त्याची ग्राप्पा काढली. चोथा वेगळा ठेवणार कोण? जानोलाने शेतकऱ्यांच्या बायकांना गाठलं आणि जास्त पैसे देऊ केले. ग्राप्पा हाताने फुंकलेल्या काचेच्या बाटलीत भरली. त्या बाटलीने ग्राप्पाला उंची हॉटेलांच्या टेबलावर नेलं. १९७५ साली नोनिनो कुटुंबाने एक पुरस्कारही सुरू केला, फ्रिउलीच्या नामशेष होत चाललेल्या देशी द्राक्षवेली जगवणाऱ्यांसाठी. इथे मंचावर चढताना बाटलीने आपली माती आणि माणसंही सोबत नेली.

(टीप : ट्युलिपच्या आकाराचा छोटा ग्लास, छोटे घोट. शॉट मारायचा नाही! एस्प्रेसोत चमचाभर घातली की झाली ‘काफे कोर्रेत्तो’.)

आणि आपली कोल्हापुरी

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा हाच प्रश्न आपल्या दारात आला. शोमध्ये कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. या चपलेला तर २०१९ मध्येच महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळालेलं. ओरड झाली, प्राडाने प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे २,००० जोड इथेच बनणार आणि एका जोडाची किंमत साधारण ८०० युरो, असं जाहीर झालं.

खूश व्हायचं का? मी अर्धी झाले. चामडं कमावणाऱ्या, वेणी विणणाऱ्या हातांपर्यंत त्या ८०० युरोंतलं किती पोचतं, ते कळलं की उरलेली अर्धी होईन.

तोवर आपल्या हातात काय आहे? पुढच्या पगाराला कोल्हापुरी घ्याल तेव्हा दुकानदाराला विचारा, कोणी बनवली, कुठल्या गावची? आणि त्यानंतर घासाघीस करायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा!