महाकाव्याविना महाकवी

महाकाव्य रचल्यावाचून महाकवी म्हणून मल्याळम साहित्यात मान्यता पावलेले कुमारन आशान हे, ज्या एळवा समाजाला सवर्णांच्या देवळांचे दरवाजे बंद होते, त्यात 1873 साली जन्मले. आणि समाजसुधारक नारायण गुरूंच्या कृपाछत्राखाली संस्कृताचे अध्ययन करून, 1903 पासून श्रीनारायण धर्म परिपालन योग या संस्थेच्या चिटणिशीचे दफ्तर सांभाळीत असतानाच, गळून पडलेल्या एका फुलाची कळीपासून धुळीपर्यंतची जीवनयात्रा सांगणारे ‘वीणपूव’ हे काव्य त्यांनी 1907 मध्ये लिहिले. मला मात्र 1922 चे ‘दुरवस्था’ अधिक धाडसाचे वाटते (काव्यगुणांत ते उणे असेलही!), कारण मलबारच्या दंग्यातून जीव वाचवून निघालेली नंबूदिरी कन्या सावित्री त्यात चात्तन नावाच्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या पुलय जातीतल्या मजुराच्या झोपडीत आश्रय घेते आणि अखेर त्यालाच वरते.