बुडालेल्या जहाजाचे सर्वेक्षण

समुद्रतळावर रुतलेल्या जहाजाचे स्थान, त्यावरील पाण्याची किमान खोली, सांगाड्याची अवस्था आणि भोवतालच्या तळाचे स्वरूप मोजमापाने निश्चित करण्याच्या क्रियेस बुडालेल्या जहाजाचे सर्वेक्षण म्हणतात. ही जलालेखनाची एक उपशाखा होय. खोल समुद्रात बुडालेले जहाज सहसा वाहतुकीस अडथळा करीत नाही. परंतु किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, विशेषतः बंदराच्या प्रवेशमार्गाजवळ, ते कायमचा धोका ठरते. मालवाहू जहाजाच्या बाबतीत इंधनतेल, रसायने किंवा स्फोटके यांची भर पडल्याने हा धोका अधिक गंभीर होतो.

पद्धती : पूर्वी दोरीला शिशाचा गोळा बांधून खोली मोजीत. या रीतीने केवळ गोळा टेकलेल्या बिंदूची खोली कळे. दोन बिंदूंच्या मधली डोलकाठी सहज निसटे. म्हणून दोन नौकांच्या मध्ये ठराविक खोलीवर तार ताणून ती ओढीत नेण्याची पद्धत रूढ झाली. तार कोठेही न अडकल्यास तेवढ्या खोलीपर्यंतचे पाणी निर्धोक मानले जाई.

विसाव्या शतकात प्रतिध्वनीवर आधारित उपकरणे प्रचारात आली. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सु. १,५०० मी. असतो. नौकेतून सोडलेला ध्वनिस्पंद तळावर आपटून परत येण्यास लागलेला काळ व हा वेग यांच्या गुणाकाराची निमपट म्हणजे ध्वनिक्षेपकाखालील खोली होय. बहुशलाका सोनारमध्ये अशा अनेक शलाका पंख्यासारख्या आडव्या पसरतात, त्यामुळे एका फेरीत तळाचा एक पट्टाच मोजला जातो. पार्श्ववेधी सोनार तळाचे छायाचित्रासारखे चित्र देतो. त्यातील ध्वनिछायेच्या लांबीवरून वस्तूची उंची काढता येते. गाळात गाडले गेलेले लोखंडी भाग चुंबकत्वमापकाने शोधतात. आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेच्या मानकांनुसार विशेष श्रेणीच्या सर्वेक्षणात १ मी. बाजू असलेली घनाकृती वस्तूही आढळून यावी लागते.

उथळ पाण्यातील अडचणी : सोनारच्या पट्ट्याची रुंदी खोलीच्या प्रमाणात असते. त्यामुळे उथळ पाण्यात पट्टे अरुंद पडतात व फेऱ्या वाढवाव्या लागतात. लाटांमुळे होणारे नौकेचे हेलकावे, भरती-ओहोटीने बदलणारी जलपातळी आणि तापमान व लवणता यांमुळे बदलणारा ध्वनिवेग यांसाठी प्रत्येक मापनास शुद्धी द्यावी लागते. खाडीमुखाशी पाणी गढूळ व प्रवाह वेगवान असल्याने पाणबुड्यांना फार थोडा काळ काम करता येते.

रिचर्ड माँटगोमेरी : या प्रकारच्या सर्वेक्षणाचे विशेष उद्‌बोधक उदाहरण इंग्लंडमध्ये टेम्स नदीच्या मुखाशी आढळते. ‘रिचर्ड माँटगोमेरी’ हे १९४३ मध्ये बांधलेले अमेरिकन लिबर्टी जहाज ६,००० टनांहून अधिक दारूगोळा घेऊन फ्रान्सकडे निघाले होते. २० ऑगस्ट १९४४ रोजी नांगर घसरल्याने ते शीअरनेसपासून सु. २·५ किमी. अंतरावरील वाळूच्या दांड्यावर रुतले. माल उतरविण्याचे काम चालू असतानाच सांगाड्यास तडा गेला व पुढील कोठारांत पाणी शिरले. २५ सप्टेंबर रोजी काम थांबले, तेव्हा सु. निम्मा माल निघाला होता. जहाजाचे नंतर दोन तुकडे झाले. पुढील तुकड्यातील बाँबमध्ये अद्याप सु. १,४०० टन स्फोटक द्रव्य आहे. त्याच वर्षी १४ एप्रिल रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट होऊन शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्या जहाजावरील स्फोटकांचे वजनही जवळजवळ एवढेच होते.

१९७३ च्या भग्नपोत संरक्षण कायद्याखाली या स्थळाभोवती प्रवेशबंदी असून बोयऱ्यांनी त्याची सीमा दर्शविलेली आहे व रडारने त्यावर अहोरात्र पहारा ठेवला जातो. बहुशलाका सोनारने पाण्याखालील सांगाड्याचे, तर लेसरच्या साहाय्याने पाण्यावर दिसणाऱ्या डोलकाठ्यांचे मापन वेळोवेळी करतात. एका सर्वेक्षणापेक्षा लागोपाठच्या सर्वेक्षणांची तुलना अधिक बोलकी ठरते. पत्रा कोठे झिजला, तडा किती रुंदावला, सांगाडा कोणत्या बाजूस कलला, प्रवाहाने त्याच्या बुडाखालील वाळू किती खरवडून नेली, हे तीवरूनच समजते. डोलकाठ्यांचा भार गंजलेल्या सांगाड्यास पेलवणार नाही, असे दिसून आल्याने त्या कापून कमी करण्याची योजना २०२० मध्ये जाहीर झाली. पुढे ती वारंवार लांबणीवर पडली.

स्फोटके बाहेर काढण्याबाबत तज्ञांत मतभेद आहेत. १९४६ मध्ये फोकस्टनजवळ बुडालेल्या ‘किएल्त्से’ या दारूगोळावाहू पोलिश जहाजाचा १९६७ मध्ये उद्धरणकार्य चालू असताना स्फोट झाला व तळावर सु. ६ मी. खोल विवर पडले. ‘किएल्त्से’ अधिक खोल पाण्यात व किनाऱ्यापासून दूर होते, म्हणून जीवितहानी टळली. हात लावल्यास स्फोटाचा संभव आणि न लावल्यास सांगाडा कोसळण्याची भीती, अशा या पेचात नियमित सर्वेक्षण हाच निर्णयाचा मुख्य आधार राहिला आहे.

आंतरराष्ट्रीय व्यवस्था : बुडालेल्या जहाजांच्या निष्कासनासंबंधी २००७ मध्ये नैरोबी येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार १४ एप्रिल २०१५ पासून अंमलात आला. धोकादायक ठरलेले जहाज हलविण्याची जबाबदारी या कराराने मालकावर टाकली असून मोठ्या जहाजांना त्यासाठी विमा सक्तीचा केला आहे. त्याचे स्थान शोधणे व तेथे खुणा करणे हे संबंधित किनारी राष्ट्राचे कर्तव्य ठरते. भारत या कराराचा सदस्य आहे.