तालुका ग्रंथालय

तालुका ग्रंथालय : तालुक्याच्या मुख्य ठिकाणी अथवा त्यातील मोठ्या गावी, नागरिकांनी संस्था स्थापून चालविलेले शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय. जिल्हा ग्रंथालय व खेड्यांतील लहान वाचनालये यांना जोडणारा हा दुवा होय.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०) व पुणे (१८४८) येथील ग्रंथालये ही त्यांतील आरंभीची होत. मुंबईहून बोरघाटाकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या परिसरात कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये निघाले. कर्जत तालुक्यातील माथेरान येथे गुजराती समाजसुधारक करसनदास मुळजी (१८३२–७१) यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. मुंबई सरकारने नेमलेल्या फैजी समितीने १९४० मध्ये प्रांतापासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांची साखळी सुचविली. १९४७ पासून तिच्या शिफारशींची अंशतः अंमलबजावणी सुरू झाली.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ हा १ मे १९६८ रोजी अंमलात आला. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र कराची तरतूद आहे. महाराष्ट्राने असा कर न बसविता शासनाचा ग्रंथालय निधी व लोकसंस्थांना अनुदान हा मार्ग स्वीकारला. त्यामुळे ग्रंथालय काढणे, चालविणे व टिकविणे यांचा भार मुख्यतः नागरिकांवर राहिला. ग्रंथ, नियतकालिके व सभासद यांची संख्या, कामाचे तास, सेवकवर्ग इ. निकषांनुसार ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग केले जातात व त्यांवर अनुदान अवलंबून असते. २०२२ मध्ये शासनाने या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनही (स्थापना १९७२) ग्रंथरूपाने साहाय्य मिळते.

कारभार : सभासदांनी निवडलेली कार्यकारिणी धोरण ठरविते व ग्रंथपाल दैनंदिन काम पाहतो. आलेला ग्रंथ दाखल नोंदवहीत नोंदवून त्याचे दशमान पद्धतीने वर्गीकरण करणे, देवघेव, वर्गणी व अनामत यांचे हिशेब ठेवणे आणि ठरावीक मुदतीने ग्रंथांची पडताळणी करणे ही त्याची नित्याची कामे होत. वाचनकक्ष सर्वांस विनामूल्य खुला असतो. घरी ग्रंथ नेण्यासाठी वर्गणी घेतली जाते. कोकणात पावसाळ्यातील दमट हवेमुळे बुरशी, कसर व वाळवी यांचा उपद्रव विशेष असतो. म्हणून कपाटे भिंतीपासून दूर ठेवावी लागतात व पाऊस ओसरल्यावर ग्रंथ काढून झटकावे आणि वाऱ्याला ठेवावे लागतात.

उपक्रम : केवळ ग्रंथांच्या देवघेवीवर लहान गावातील ग्रंथालय फार काळ तग धरीत नाही. वर्गणीदार मोजके असतात व करमणुकीची इतर साधने घरोघरी पोहोचलेली असतात. व्याख्यानमाला, बालविभाग, दिवाळी अंकांची विशेष योजना, स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिका, मराठी भाषा गौरव दिन (२७ फेब्रुवारी) व वाचन प्रेरणा दिन (१५ ऑक्टोबर) हे कार्यक्रम म्हणूनच शोभेचे नसून त्याच्या अस्तित्वाचे आधार ठरतात. त्यांतून सभासद वाढतात, देणग्या मिळतात व कार्यकारिणीला नवे कार्यकर्ते लाभतात.

खालापूर–कर्जत परिसर : रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) हे दोन तालुके अशा ग्रंथालयापुढील प्रश्न स्पष्ट करतात. खालापूर हे तालुक्याचे मुख्य ठिकाण असले, तरी लोकवस्ती व व्यापार खोपोलीत अधिक आहेत. टाटांचे जलविद्युत् केंद्र तेथे १९१५ मध्ये सुरू झाले व पुढे कारखानदारी वाढली. कर्जत व खोपोली येथून अनेक लोक रोज उपनगरी गाडीने कामास जातात. पहाटे निघून रात्री परतणाऱ्या वाचकाला कार्यालयीन वेळेत उघडणारे ग्रंथालय निरुपयोगी होय. सकाळ–संध्याकाळच्या वेळा व सुटीच्या दिवशीची देवघेव त्याच्या सोयीची ठरते.

दुसरा वर्ग डोंगरपायथ्याच्या वाड्यांतील ठाकूर व कातकरी समाजाचा. ठाकूर मुलांच्या घरची बोली शालेय मराठीहून भिन्न असते. कातकरी कुटुंबे सुगीनंतर वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात; मुलेही त्यांच्यासमवेत जातात. हा वाचक तालुक्याच्या गावी येणे दुरापास्त असल्याने ग्रंथांनीच त्याच्याकडे जावे लागते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ पासून राबविलेली ग्रंथपेट्यांची योजना येथे मार्गदर्शक आहे. वाडीच्या शाळेत पेटी ठेवून ठरावीक मुदतीने ती बदलणे, चित्रमय पुस्तकांस प्राधान्य देणे, वडीलधाऱ्यांकडून त्यांच्या बोलीतील गोष्टी सांगवून घेणे व स्थलांतराच्या काळात पेटी भट्टीवर पोहोचविणे या मार्गांनी अक्षरओळख टिकू शकते.

अडचणी : अनुदान दोन हप्त्यांत मिळते व हप्ता लांबला की प्रथम ग्रंथखरेदी थांबते. खालच्या वर्गांतील ग्रंथालयांत बहुधा एकाच सेवकावर सर्व काम पडते. तुटपुंज्या वेतनामुळे प्रशिक्षित व्यक्ती टिकत नाही. निकष ग्रंथांची व सभासदांची संख्या मोजतात. वाडीवर वाचली गेलेली पुस्तके त्यांत क्वचितच दिसतात. परिणामी जो उपक्रम सर्वांत गरजेचा, तोच अनुदानाच्या दृष्टीने सर्वांत कमी लाभाचा ठरतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा, हे सूत्र तालुका ग्रंथालयाच्या कार्याची खरी कसोटी होय.