आंबागडची विहीर



गडकोटांची गोष्ट निघाली कीं आपलें मन सह्याद्रीकडे धांव घेतें. आमच्या तिरोड्याच्या बाजूस, धानाच्या बांध्यांच्या या सपाट मुलखाच्या कडेला, एखादा गिरिदुर्ग असेल हें पुष्कळांच्या ध्यानींमनींहि नसतें. तिरोड्याहून आगगाडीनें नागपूरच्या दिशेस निघावें, मुंडीकोटा मागें टाकून वैनगंगेचा पूल ओलांडावा आणि तुमसर रोडला उतरावें. वाटेंत माडगीचें नृसिंहमंदिर नदीच्या पात्रांतील खडकावर उभें आहे. तें पाहावयास चुकूं नये. तुमसर गांवापासून सुमारें १३ किलोमीटरवर, सातपुड्याच्या रानांत, आंबागडचा डोंगर लागतो. महाशिवरात्रीस गायमुखची यात्रा भरते तें स्थान येथून जवळच आहे.

गड फार प्राचीन नव्हे. इ. स. १७०० च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सरदार राजखान पठाण यानें तो बांधिला असें सांगतात. ज्यानें १७०२ सालीं नागपूर शहर वसविलें तोच हा बख्त बुलंद. पुढें त्याच्या घराण्यांत वारसाचा कलह माजला, रघूजी भोसल्यांना मदतीस पाचारण झालें, आणि मदतीस आलेले रघूजी नागपुरींच राहिले! आंबागडहि भोसल्यांकडे गेला. त्यांनीं त्याचा तुरुंग केला.

दरवाजा, तट, बुरूज यांचें वर्णन मी करीत नाहीं. तीं ज्यानें त्यानें चढून पाहावीं. मला बोलावयाचें आहे तें गडावरील विहिरीविषयीं. तिचें पाणी विषारी होतें, बंदिवानांना तेंच प्यावयास लावीत आणि तेणेंकरून त्यांचा अंत होई, अशी कथा इंग्रजी अमदानींतल्या गॅझेटिअरांतसुद्धां नोंदलेली आहे.

मलायांतील कुआला सेलांगोर येथें नदीच्या मुखाजवळ एक टेकडी आहे. तिजवर तेथील सुलतानांचा जुना किल्ला होता. १७८४ त डच लोकांनीं तो घेतला व पुढच्याच वर्षीं सुलतान इब्राहिमनें परत जिंकला. आतां तेथें तटाचे अवशेष व तोफा उरल्या आहेत, आणि एक ‘विषारी विहीर’ही दाखवितात! फितुरांना तिच्यांत सोडून छळीत, असें तेथील लोक सांगतात. समुद्रापलीकडील त्या गडाची आणि आमच्या आंबागडची एकमेकांस ओळखहि असण्याचें कारण नाहीं. तरी कथा मात्र जुळी बहीण शोभावी अशी.

कुआला सेलांगोरची कथा खरी कीं खोटी याचा निवाडा मी करूं शकत नाहीं. आंबागडविषयीं मात्र मला असें वाटतें कीं, तेथें विष कालविण्याची गरजच नव्हती. डोंगरमाथ्यावर पावसाचें पाणी सांठवून ठेवावें लागतें. गडावर शिबंदी असते तोंवर सांठ्यांतला गाळ निघतो, पालापाचोळा उपसला जातो, उपसा चालू राहिल्यानें पाणी खेळतें राहतें. लढाईचें कारण संपलें, शिबंदी गेली, आणि मागें चारदोन पहारेकरी व बेड्या घातलेले कैदी राहिले, म्हणजे त्या विहिरीची निगा कोण राखणार? पानें कुजतात, पाण्यावर हिरवी साय धरते. असें पाणी महिनोनमहिने प्यालेल्या माणसास हगवण गांठते, पटकी गांठते. पहारेकरी खालून घागर आणवूं शकतो. कैद्यास ती सोय कुठली? गुन्हा काय होता हें कोणी विचारीत नाहीं आणि शिक्षेवर कोणाची सहीहि लागत नाहीं. कथेंतल्या ‘विषा’हून मला ही निष्काळजी अधिक भयंकर वाटते.

आणि हें घडलें कोणत्या मुलखांत? तर तलावांच्या मुलखांत! आमच्या या भंडारा प्रांतीं कोहळी लोकांनीं गोंड राजांच्या काळापासून शेंकडों तलाव बांधिले. पाळी कोठें घालावी, पाणी कोणत्या बांधीस आधीं सोडावें, हें शास्त्र त्यांना मुखोद्गत. १९९९ सालीं भंडाऱ्यांतून गोंदिया जिल्हा निराळा झाला, तिरोडा तिकडे गेला, पण तलावांची ती परंपरा दोन्हीं जिल्ह्यांची आहे. गडावरच्या कैद्यांत एखादा कोहळीहि असेल काय, आणि त्या विहिरीकडे पाहून त्याला काय वाटलें असेल, हा विचार मला पायऱ्या उतरतांना सोडीत नाहीं.

जाणें झाल्यास पावसाळा सरल्यावर, सकाळच्या पहिल्या प्रहरीं चढावें. पिण्याचें पाणी मात्र तुमसरासच भरून घ्यावें.