पेन्शन हें दान कीं देणें?

सरकारी नोकरांचा पगार आणि पेन्शन हा विषय निघाला कीं आमच्याकडे तत्काळ दोन तट पडतात. एका तटाचें म्हणणें असें कीं, सरकारी नोकर हा रयतेच्या पैशावर पोसला जाणारा जांवई असून त्यास जितकें कमी द्यावें तितकें बरें. दुसऱ्या तटाचें म्हणणें असें कीं, नोकर मागतील तें तिजोरीकडे न पाहतां मुकाट्यानें देऊन टाकावें. आमच्या मतें हे दोन्ही तट मूळ प्रश्नास बगल देतात. पेन्शन हें मायबाप सरकारनें खुशीनें घातलेलें दान आहे, कीं झालेल्या कामाच्या मोबदल्यापैकीं मागें राहिलेलें देणें आहे, हा तो मूळ प्रश्न होय. त्याचें उत्तर आधीं ठरलें पाहिजे. तें न ठरवितां मांडलेला हिशेब कितीही चोख असला तरी त्यांतून न्याय निपजणार नाहीं.

परकी सरकारचें उत्तर स्पष्ट होतें. १८७१ च्या पेन्शन कायद्यानें पेन्शनविषयक दावा कलेक्टरच्या दाखल्यावांचून दिवाणी न्यायालयांत चालूं नये, असा निर्बंध घातला. ज्या रकमेबद्दल कोर्टाची पायरी चढण्याची मोकळीक नाहीं ती रक्कम हक्काची कसली? ती मेहेरबानीच. गंमत अशी कीं, ही मेहेरबानीची भाषा कचेरींतील कारकुनासाठीं आणि पट्टेवाल्यासाठीं होती. विलायतेस परत गेलेल्या गोऱ्या अंमलदारांची पेन्शनें मात्र हिंदुस्थानच्या तिजोरींतून बिनबोभाट रवाना होत असत. दादाभाई नौरोजींनीं जो संपत्तीचा ओघ जगापुढें मांडला, त्यांत या पेन्शनांचाही वांटा होता. म्हणूनच १९३१ च्या कराचीच्या राष्ट्रसभेनें, खास तज्ज्ञ वगळतां सरकारी नोकराचा पगार सामान्यतः दरमहा ५०० रुपयांपेक्षां अधिक नसावा, असा ठराव केला. स्वराज्य आल्यावर वरिष्ठ मुलकी नोकरांच्या जुन्या सवलतींस घटनेच्या ३१४ व्या कलमानें संरक्षण मिळालें आणि तें १९७२ च्या अठ्ठाविसाव्या दुरुस्तीनें गेलें. तात्पर्य, शिखरावरच्यांस घटनेची हमी आणि पायथ्याच्यांस मेहेरबानी, असा हा वारसा आहे.

या वारशास न्यायालयांनीं छेद दिला. देवकीनंदन प्रसाद यांच्या १९७१ च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पेन्शन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असणारी बक्षिशी नसून नोकराचा हक्क आहे, असा निर्णय दिला. पुढें १७ डिसेंबर १९८२ रोजीं नकारा खटल्यांत पांच न्यायमूर्तींच्या पीठानें हेंच तत्त्व अधिक विस्तारानें मांडलें. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे त्या पीठाचे प्रमुख होते आणि निकालपत्र न्यायमूर्ति देसाई यांनीं लिहिलें. सुधारलेल्या पेन्शनीचा लाभ ३१ मार्च १९७९ नंतर निवृत्त होणाऱ्यांनाच द्यावयाचा आणि त्यापूर्वीं निवृत्त झालेल्यांस वगळावयाचें, हा भेद मनमानी ठरवून न्यायालयानें रद्द केला. पेन्शन म्हणजे गतसेवेचा मोबदला आणि वृद्धापकाळची सामाजिक सुरक्षितता, हा त्या निकालाचा गाभा आहे.

येथें कायद्याच्या दृष्टीनें एक खुलासा अवश्य आहे. नकारा निकाल हें सर्व दुखण्यांवरचें रामबाण औषध नव्हे. १९९० सालीं कृष्णकुमार खटल्यांत, भविष्यनिर्वाह निधि घेणारे आणि पेन्शन घेणारे हे दोन निरनिराळे वर्ग होत, असें सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें. अर्थात् ज्यांना मुळांतच पेन्शनच्या योजनेबाहेर ठेविलें त्यांना नकाऱ्याचा आधार सहजासहजीं मिळत नाहीं. त्यांचा न्याय कोर्टापेक्षां कायदेमंडळांतच व्हावयाचा आहे, आणि म्हणूनच तो लोकमताचा प्रश्न आहे.

हा वर्ग निर्माण कसा झाला? १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नोकरींत शिरणाऱ्यांस, सैन्यदलें वगळून, जुनी पेन्शन बंद झाली. महाराष्ट्र सरकारनें १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांना हाच न्याय लावला. जुन्या पद्धतींत नोकराकडून कांहीं कापून न घेतां अखेरच्या मूळ पगाराच्या सामान्यतः निम्मी पेन्शन मिळे आणि तीवर महागाईची भर पडे. नव्या पद्धतींत नोकरानें पगाराच्या दहा टक्के भरावे, तितकेच सरकारनें भरावे (केंद्रानें आपला वांटा २०१९ च्या एप्रिलपासून चौदा टक्के केला), ही रक्कम बाजारांत गुंतवावी, आणि निवृत्तीच्या वेळीं निदान चाळीस टक्के पुंजीचें वर्षासन विकत घ्यावें, अशी योजना झाली.

उदाहरणादाखल, एखाद्याची पुंजी ४० लाख रुपये झाली असें समजूं. त्यांतील १६ लाखांचें वर्षासन सहा टक्के दरानें महिन्यास ८,००० रुपये होतें. उरलेले २४ लाख त्यानें मुलीच्या लग्नास किंवा घरास न लावतां त्याच दरानें गुंतविले, तर आणखी १२,००० मिळतील. एकूण २०,००० ही रक्कम वरवर वाईट दिसत नाहीं. पण ती गोठलेली आहे. भाव दरसाल पांच टक्क्यांनीं चढले तर चौदा-पंधरा वर्षांत ते दुप्पट होतात. म्हणजे पंचाहत्तरीस पोंचलेल्या माणसाच्या हातीं त्याच वीस हजारांत दहा हजारांचा बाजार येणार. औषधांचा खर्च वाढावा त्याच वयांत मिळकत अर्धी व्हावी, ही व्यवस्था शहाणपणाची कोण म्हणेल? बाजाराची जोखीम ज्याच्या अंगीं ती सोसण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच म्हाताऱ्याच्या माथीं ती मारण्यांत आली. त्यांतही कुटुंबनिवृत्तिवेतन व उपदान महाराष्ट्रांत या नोकरांस लागू व्हावयास २०२३ च्या मार्चची अखेर उजाडावी लागली.

तिजोरीची बाजूही ऐकली पाहिजे. एकतर्फी कैफियत आम्हांस मान्य नाहीं. माणसाचें आयुर्मान वाढलें आहे. जुन्या पद्धतींत पेन्शनसाठीं निधि बाजूला काढून ठेवलेला नसतो. आजच्या करदात्यानें कालच्या नोकराचें देणें फेडावयाचें असतें. राजस्थान, छत्तीसगड, हिमाचल प्रदेश या राज्यांनीं २०२२-२३ मध्यें जुनी पद्धत पुन्हां आणिली तेव्हां पुढील पिढीवर बोजा पडेल, असा इशारा रिझर्व्ह बँकेनें दिला. हा इशारा खोटा नव्हे. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष काय? देणें मोठें आहे म्हणून तें नाकारावें, हा दिवाळखोराचा न्याय झाला. देणें मोठें आहे म्हणून त्याची तरतूद दरमहा नियमानें करावी, हा सचोटीच्या सावकारीचा न्याय होय. सरकारनें तरतूद केली नाहीं हा दोष सरकारचा. त्याची शिक्षा शाळेंतल्या शिक्षकास आणि इस्पितळांतल्या परिचारिकेस कां?

१४ मार्च २०२३ पासून आठवडाभर महाराष्ट्रांतील लाखों सरकारी व निमसरकारी नोकर, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी संपावर गेले ते याच प्रश्नासाठीं. २४ ऑगस्ट २०२४ रोजीं केंद्रानें एकत्रित निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ती स्वीकारली. केंद्रांत ती १ एप्रिल २०२५ पासून अंमलांत आली. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, दहा वर्षांच्या नोकरीवर निदान १०,००० रुपये, कुटुंबास साठ टक्के, आणि या सर्वांवर महागाईची भर, असें तिचें स्वरूप आहे. नोकराचे दहा टक्के मात्र कायम राहिले. निश्चित पेन्शनचें तत्त्व सरकारनें पुन्हां मान्य केलें, हा नोकरांच्या चळवळीचा विजयच समजला पाहिजे. पण पंचवीस वर्षांची अट उशिरा नेमणूक झालेल्यांस जाचक आहे. भरतीच्या जाहिराती वर्षानुवर्षें अडकून पडतात, उमेदवार तिशी ओलांडून नोकरींत येतो, आणि सरकारी दिरंगाईचीं तीं वर्षें शेवटीं त्याच्याच पेन्शनींतून वजा होतात, हें न्यायाचें नव्हे.

पगाराच्या प्रश्नांतही हेंच तत्त्व लागू आहे. पोटापुरतें म्हणजे किती, हें १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनें ठरवून दिलें: कुटुंबांतील तीन घटकांचें पोषक अन्न, वर्षास ७२ वार कापड, घरभाडें, सरपण व दिवाबत्ती. सातव्या वेतन आयोगानें याच मापानें १ जानेवारी २०१६ पासून किमान मूळ पगार १८,००० आणि कमाल २,५०,००० रुपये ठरविला; म्हणजे पायथा व शिखर यांत सुमारें चौदा पटींचें अंतर. आठव्या आयोगाचें अध्यक्षपद न्यायमूर्ति रंजना प्रकाश देसाई यांच्याकडे सोंपवून २०२५ सालीं त्यास अठरा महिन्यांची मुदत देण्यांत आली. बिनअंशदानी पेन्शनच्या अनिधिक खर्चाचा विचार करावा, असें त्याच्या कार्यकक्षेंत म्हटलें आहे. विचार अवश्य करावा. परंतु तो करतांना पेन्शनर हा खर्चाच्या रकान्यांतला आंकडा नसून तीस वर्षें राबलेला माणूस आहे, याचा विसर पडूं नये.

आतां या वादांत ज्यांचें नांवही कोणी घेत नाहीं त्यांच्याकडे वळूं. कायम नोकरांची पेन्शन कशी असावी यावर भांडण चालू असतां, त्याच कचेरींत, त्याच टेबलावर, तेंच काम करणारे कंत्राटी नोकर पेन्शन या शब्दालाही पारखे आहेत. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झाली. तीं बालकें मोठीं होऊन त्यांचीं मुलेंही अंगणवाडींतून बाहेर पडलीं, तरी सेविकेच्या कामास नोकरी न म्हणतां मानसेवा आणि तिच्या पगारास मानधन म्हणण्याचा प्रघात सुटला नाहीं. २०१८ सालीं केंद्रानें सेविकेचें मानधन वाढवून ठरविलें तें महिना ४,५०० रुपये. राज्यांनीं आपली भर निराळी घालावयाची. २०२२ च्या एप्रिलमध्यें सर्वोच्च न्यायालयानें या सेविका व मदतनीस १९७२ च्या कायद्याखालीं उपदानास पात्र आहेत असा निर्णय दिला. त्यापूर्वीं २०१६ सालीं पंजाब सरकार विरुद्ध जगजितसिंग या खटल्यांत, समान काम करणाऱ्या तात्पुरत्या नोकरासही समान वेतन दिलें पाहिजे, असें ठरलें होतें. घटनेच्या ३९ व्या कलमांत समान कामास समान वेतन आणि ४३ व्या कलमांत निर्वाहवेतन हीं ध्येयें लिहून ठेवलेलीं आहेत. खाजगी गिरणीमालकानें हे नियम मोडले तर सरकार त्यास कोर्टांत खेंचतें. मग सरकार स्वतःच मालक झालें म्हणजे त्यास निराळा न्याय कां?

आमचें मागणें थोडक्यांत असें. पेन्शनचें देणें कायद्यानें बांधलेलें असावें. मंत्रिमंडळ बदललें कीं बदलणारें नसावें. त्यासाठीं स्वतंत्र निधि उभारून त्याचा जमाखर्च दरवर्षीं अंदाजपत्रकाबरोबर विधिमंडळापुढें ठेवावा. नोकराच्या पगारांतून कापलेली व सरकारच्या वांट्याची रक्कम त्याच महिन्यांत त्याच्या खात्यावर पडावी. उशीर झाल्यास व्याज सरकारनें भरावें. सरकारच्या दिरंगाईनें गेलेलीं वर्षें पेन्शनच्या हिशेबांत धरावींत. आणि जें काम कायम स्वरूपाचें आहे त्यावर कंत्राटी माणूस नेमण्याची चाल बंद करावी.

नोकरवर्गासही दोन शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. संपाच्या दिवसांत ज्या शेतकऱ्याचा सातबारा अडला, ज्या रोग्याची शस्त्रक्रिया पुढें गेली, त्याला स्वतःला कसलीच पेन्शन नाहीं. त्याची सहानुभूति तुम्हांस हवी असेल, तर त्याचा अर्ज टेबलावर सडूं देऊं नका आणि चहापाण्याच्या नांवाखालीं त्याच्यापुढें हात पसरूं नका. आपल्या हक्काबरोबर कंत्राटी भावाबहिणींचा हक्क मागा. स्वतःचें पदरांत पडलें कीं गप्प बसणाऱ्या चळवळीस लोक दुसऱ्यांदा उभे राहत नाहींत.

करदात्या नागरिकानेंही एवढें ध्यानांत घ्यावें कीं, म्हातारपणाची धास्ती असलेला नोकर हा लाचेच्या मोहास सर्वांत आधीं बळी पडतो. पेन्शनमध्यें वांचविलेला पैसा मग दुसऱ्या वाटेनें, आणि अधिक महागानें, जनतेच्याच खिशांतून जातो. परकी सरकारनें पेन्शनीस मेहेरबानी म्हटलें, कारण तें कोणासच जबाबदार नव्हतें. आमचें सरकार आम्हांस जबाबदार आहे. आपल्या सेवकांचें देणें तें कसें फेडतें, यावरून त्याची पत ठरेल, आणि ती पत शेवटीं आम्हां सर्वांचीच आहे.